मैत्रीचा रतीब नको, इर्जिक हवी

एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या लिहितात, "दिवसभर बँकेच्या काउंटरवर लोकांशी बोलून घसा कोरडा पडतो. रात्री तासभर स्टारड्यू व्हॅली उघडते ती पेरायला आणि पाणी घालायला. पण गेम सारखा गावात पिटाळतो. याला भेट दे, तिचा वाढदिवस विसरू नकोस, अमक्याशी मैत्री झाली की तमकं मिळेल. शेतीच्या गेममध्ये गावकऱ्यांशी मिसळणं सक्तीचं असावं का? मी माझी शेती करून गप्प बसले तर काय बिघडलं?"

मी पुण्यात चौदा वर्षं गेम डिझाइनचं काम करतो, त्यातली पाच वर्षं शेतीच्या गेमवर गेली. माझं मत आधीच सांगून टाकतो. गेममधल्या शेतकऱ्याला गाव लागावं, अगदी अडून बसावं इतकं लागावं. पण माणसांचं मन जिंकल्याशिवाय नांगर मिळणार नाही, अशी अट नसावी. गरजेची सक्ती चालते, लळ्याची चालत नाही. बहुतेक गेम नेमकी इथेच गल्लत करतात आणि मग ताईंसारख्या माणसाला शेतीच नकोशी होते.

या गेममध्ये गाव आलं कुठून, ते आधी बघू. 1996 साली जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर 'बोकुजो मोनोगातारी' निघाला. बाहेरच्या जगानं त्याला 'हार्वेस्ट मून' म्हणून ओळखलं. त्याचे कर्ते यासुहिरो वादा मूळचे क्यूशू बेटावरच्या मियाझाकीचे, तिथून टोकियोला आलेले. मारामारी नसलेला खेळ त्यांना करायचा होता आणि मागे राहिलेल्या खेड्यातलं जगणं त्यात आणायचं होतं. म्हणजे गाव ही मागाहून लावलेली झालर नव्हे, ते पहिल्या दिवसापासून गेमच्या पायाभरणीत आहे. पुढे सिएटलजवळ एरिक बॅरोन या तरुणानं साडेचार वर्षं एकट्यानं खपून त्याच धाटणीचा स्टारड्यू व्हॅली केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, संवादही त्याचेच. 26 फेब्रुवारी 2016 ला तो बाहेर आला आणि आजवर त्याच्या तीन कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. तेव्हापासून शेतीचा नवा गेम काढणारा जवळजवळ प्रत्येक जण गाव, भेटवस्तू, बदाम (म्हणजे मैत्री मोजणारी हृदयाची चिन्हं) आणि लग्न हा संच जसाच्या तसा उचलतो. का उचलतो, हे फार थोडे जण स्वतःला विचारतात.

आता त्या बदामांचा हिशेब. स्टारड्यूच्या गावातल्या, म्हणजे पेलिकन टाउनमधल्या, एका माणसाशी मैत्रीचा एक बदाम म्हणजे 250 गुण. रोज नुसतं बोललात तर 20 गुण. आवडीची वस्तू दिलीत तर 80. भेट आठवड्यातून दोनदाच देता येते, वाढदिवसाची वेगळी. वाढदिवसाला तीच वस्तू आठपट मोलाची ठरते, म्हणजे 640 गुण, एका झटक्यात अडीच बदाम. एखादा भिडस्त माणूस कुणाला काही न देता रोज फक्त "कसं काय" म्हणत राहिला, तर दहा बदाम व्हायला त्याला 125 दिवस लागतील. स्टारड्यूचं वर्ष 112 दिवसांचं असतं. उलट रोज बोलून शिवाय दर आठवड्याला आवडीच्या दोन भेटी देणारा हेच काम नऊ आठवड्यांत उरकतो. बोलण्यापेक्षा देणं किती भारी ठेवलंय, ते यात दिसतं. आणि भेट घेणारी माणसं तीसहून जास्त आहेत. सगळ्यांना धरायचं म्हटलं तर आठवड्याला साठहून जास्त भेटी, रोजच्या नऊ-दहा. गेममधला अख्खा दिवस आपल्या घड्याळात जेमतेम चौदा मिनिटांचा. त्यात पाणी घालायचं, गुरं बघायची, खाणीत उतरायचं, आणि मंगळवारी सुतारीण दुकानात नसते, बुधवारी बियाणंवाल्या पिएरचं दुकान बंद, हेही ध्यानात ठेवायचं.

शिवाय ज्याच्याशी बोलला नाहीत, त्याच्या खात्यातून रोज 2 गुण वजा होतात. आकडा किरकोळ आहे. पण रतीबाला खाडा पडला की दूधवाल्याच्या वहीत जशी फुली पडते, तशी ही फुली आहे आणि खेळणाऱ्याला ती दिसत राहते. ताई, तुम्हाला जी सक्ती जाणवते तिचं मूळ माझ्या मते इथं आहे, कारण कागदावर तर स्टारड्यूनं सक्ती जवळजवळ ठेवलेलीच नाही. सुरुवातीला 28 जणांना भेटून ओळख करून घ्या, असं एक काम वहीत येतं, ते पुरं केलं नाही तरी काही अडत नाही. समाजमंदिराच्या दुरुस्तीला पिकं, मासे, लाकूड लागतं, मैत्री लागत नाही. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, हे शेत तुम्हाला ठेवून गेलेल्या आजोबांचा आत्मा येऊन तुमच्या कामाचं मोजमाप करतो. त्यात एकूण 21 गुण असतात आणि 12 मिळाले की चारही मेणबत्त्या पेटतात, म्हणजे पूर्ण शाबासकी. त्या 21 पैकी पाच जणांशी घट्ट मैत्रीचा 1, दहा जणांशी असली तर आणखी 1, आणि लग्नाचा 1. बस्स. एकही मित्र न करता, लग्न न करता 18 गुणांचं मैदान मोकळं आहे. नुसत्या कमाईचेच 7 आहेत. मैत्रीवाचून खरोखर अडतं ते काही पाककृतींसाठी आणि शंभर टक्के 'परफेक्शन' गाठायचं असेल तेव्हा.

तरीही सक्ती वाटते, आणि ती खोटी नाही. मी ती समोर बसून पाहिली आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका स्टुडिओत शेतीच्या मोबाइल गेमवर होतो. गावात अकरा माणसं ठेवली होती. त्यांचे संवाद मी लिहिले होते, तीन आठवडे रात्री जागून. वरून ठरलं की नांगर सुताराच्या चार बदामांमागे ठेवायचा आणि विहीर सरपंचाच्या पाच बदामांमागे. चाचणीसाठी बाहेरची काही माणसं बोलावली, त्यात एक प्राथमिक शिक्षिका होत्या. तिसऱ्या दिवशी त्या चौकडीची वही घेऊन आल्या. डावीकडे अकरा नावं, वर वार, प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण. सरपंच – दूध, सुतार – जांभूळ, आजी – गूळ. एका हातानं वहीवर खूण करत होत्या, दुसऱ्या हाताचा अंगठा पडद्यावर टपटप पडत होता, संवाद पुढे ढकलायला. मी लिहिलेली एक ओळसुद्धा त्यांनी वाचली नाही. मी विचारलं, सुतारमामा कसे वाटले? त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "सर, त्यांच्याकडे मी आठ वेळा गेले, पण ते काय बोलतात ते खरंच नाही बघितलं. मला नांगर हवा होता हो."

त्या बाईंचा काही दोष नव्हता. माणसामागे आम्ही नांगर ठेवला, म्हणून माणूस म्हणजे नांगरावरचं कुलूप झालं. कुलपाशी कोण बोलतं? मैत्री सक्तीची करून मैत्री वाढते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा खेळणाऱ्याच्या शेजारी बसून त्याचा अंगठा बघावा.

त्या रात्री मला आमचे तात्या आठवले, माझे आजोबा. आमचं गाव भोर तालुक्यात, भाताचं. तात्या घुमे. पारावर कधी बसले नाहीत, कुणाच्या ओट्यावर चहाला गेले नाहीत, लग्नकार्यात जेवून मुकाट्यानं घरी यायचे. स्टारड्यूच्या हिशेबात त्यांच्या नावावर एक बदाम जमला नसता. पण गावात कुणाची इर्जिक असली की पहाटे तात्यांची बैलजोडी तिथं हजर. ज्यांनी इर्जिक पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: एकाच्या शेताचं काम उरकायला गावातले शेतकरी आपापली अवजारं आणि बैल घेऊन एका दिवशी जमतात. मजुरी नाही. ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं आणि उद्या दुसऱ्याच्या शेतात स्वतः उभं राहायचं. बाकीचे भलरी म्हणायचे, तात्या नुसते नांगर धरून चालायचे. एका वर्षी पेरणीच्या तोंडावर त्यांचा उजवीकडचा बैल लंगडा झाला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, तो स्वभावच नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडताना बांधावर चार जोड्या उभ्या होत्या. तात्या कळशी घेऊन प्रत्येकाला पाणी देत फिरले. बोलले त्या दिवशीही फारसं नाहीत.

ही सक्तीच होती, मी ती गोडीनं रंगवत नाही. दुसऱ्याच्या इर्जिकीला न जाणाऱ्याच्या शेतावर कुणी येत नसे. पण ती सक्ती कामाची होती. लाघवी बोलण्याची, आवडीनिवडी पाठ करण्याची नव्हती. अबोल माणसाला गावात मानाची जागा होती आणि ती त्यानं नांगरानं मिळवलेली होती. शेतीच्या गेमला गाव हवं का, याचं माझ्याकडचं उत्तर हे आहे. हवंच, कारण एकट्याची शेती ही शेतकऱ्यानं कधी केलेली गोष्टच नाही. फक्त गावाशी नातं जोडायचा रस्ता शेतातून जाऊ द्या, दुकानातून विकत घेतलेल्या भेटीतून नको.

मी स्टुडिओत हेच मांडलं. बदाम काढा, त्याऐवजी कुणाच्या शेतात किती दिवस राबलात याची नोंद ठेवा, तितकी माणसं पेरणीला तुमच्याकडे येतील. वेळ नाही म्हणाले. गेम होता तसाच बाजारात गेला आणि वर्षभरात बंद झाला. त्याची कारणं बरीच होती, पण मला अजूनही त्या सुतारमामांचं वाईट वाटतं.

हे करता येतं, याचा चांगला दाखला 'साकुना: ऑफ राइस अँड रुइन' मध्ये आहे. एडेलवाइस या छोट्या जपानी चमूनं 2020 मध्ये तो काढला. सुगीची एक देवी काही माणसांसोबत एका बेटावर हद्दपार होते आणि तिथं तिला भात पिकवावं लागतं. आमच्याकडच्या कुणाही भातवाल्यानं बघावा असा तो भाग आहे. रोपं तयार करणं, चिखलणी, आवणी, पाण्याची पातळी दिवसाच्या वेळेनुसार कमीजास्त करणं, तण काढणं, कापून वाळवणं, झोडणी, सडणं, सगळं हातानं. जपानमध्ये खेळणारे अडले की सरळ तिथल्या कृषी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भाताची माहिती वाचू लागले, इतका तो खरा आहे. त्यात कुणाला भेटी द्यायच्या नसतात. रात्री सगळे एका चुलीभोवती जेवायला बसतात आणि तुम्ही पिकवलेलंच ताटात येतं. बोलणं तिथं होतं, जेवताना. ते जेवण तुम्हाला दुसऱ्या दिवशीची ताकद देतं, म्हणून कुणी ते चुकवत नाही, आणि चुकवत नाही म्हणून माणसं हळूहळू ओळखीची होत जातात. एकही बदाम न दाखवता.

दुसऱ्या टोकाला 'फार्मिंग सिम्युलेटर'. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा, 2008 पासूनचा. त्यात गप्पा असल्या तर नावापुरत्या, लग्न नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत शेजाऱ्याच्या शेताचं कंत्राट घेता येतं: त्याचं पीक काढून द्या, पैसे घ्या. यंत्रावर प्रेम असणाऱ्यांना तो पुरेसा आहे आणि त्यांना गावात ढकलायचं काही कारण नाही. ज्यांना नुसती पेरणी-कापणी हवी, त्यांनी बिनदिक्कत तो घ्यावा.

सक्तीचं खरं वाईट रूप आपल्यापैकी पुष्कळांनी भोगलेलं आहे, ते म्हणजे 'फार्मव्हिल'. 2009 साली झिंगानं तो फेसबुकवर आणला आणि कॉलेजच्या मित्रांपासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या भिंतीवर हरवलेली गाय येऊ लागली. शेत वाढवायचं तर ठरावीक शेजारी जमवा, नाहीतर खऱ्या पैशांनी घ्या. तिथं तुमची खरी माणसंच कुलपं झाली होती. मी त्या काळात दोन मित्रांना नको इतकं छळलं आणि त्याची मला आजही खंत आहे. 31 डिसेंबर 2020 ला मूळचा फार्मव्हिल बंद झाला. मैत्रीमागे नांगर ठेवायची सवय मोबाइलच्या गेमना लागली, त्यात त्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

आणि लग्न. 2003 च्या 'हार्वेस्ट मून: अ वंडरफुल लाइफ' मध्ये पहिलं वर्ष संपेपर्यंत लग्न ठरलं नाही तर गेम तिथंच संपतो. ती गोष्ट पिढ्यांची होती, मूल मोठं होणं हा तिचा गाभा होता, म्हणून कर्त्यांनी तसं केलं, हे मला समजतं. तरी ज्या मुलीला घरी रोज हाच प्रश्न विचारला जातो, तिला विसाव्याच्या तासातही तोच विचारणं मला क्रूर वाटतं. स्टारड्यूनं इथं चांगली वाट काढली. बारा जणांपैकी कुणाशीही लग्न करा किंवा कुणाशीच करू नका. पुढे 2019 च्या आवृत्तीत क्रोबस नावाचा गटारात राहणारा प्राणी नुसता घरातला सोबती म्हणून राहायला आणता येऊ लागला, लग्नाशिवाय.

इतकं बोलल्यावर बदामांची बाजूही मला मांडायची आहे, कारण बदाम आवडणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. खऱ्या माणसांत कुणाला काय आवडेल, कोण कशानं दुखावेल, हे न उमगल्यानं दमून जाणारी पुष्कळ मुलं असतात. त्यांना नियम स्पष्ट असलेलं गाव म्हणजे मोठा दिलासा वाटतो. इथं आजींना काय आवडतं ते एकदा कळलं की कायमचं कळलं. त्यांच्यासाठी बदाम राहू द्यावेत. शिवाय बॅरोनच्या गावात मैत्रीनं उघडतात त्या गोष्टी कित्येकदा खरोखर माणसाच्या असतात. जॉर्ज हा चाकाच्या खुर्चीतला तिरसट म्हातारा घ्या. पेनी या गावातल्या तरुणीशी थोडी ओळख वाढली की एक प्रसंग दिसतो. जॉर्जचा हात पत्राच्या पेटीपर्यंत पोचत नाही, पेनी न विचारता मागून खुर्ची ढकलते, आणि तो तिच्यावर खेकसतो. तुम्ही हे पाहिलंत हे तिच्या लक्षात येतं, आणि तिचं चुकलं की बरोबर यावर तुम्हाला मत देता येतं. मदत करताना विचारावं की नाही, हा प्रश्न आहे, आणि गेम त्याचं उत्तर तुमच्या तोंडात घालत नाही. किंवा कचऱ्याच्या डब्याचा नियम. कुणाच्या देखत डबा उचकटलात तर त्याच्या मैत्रीतून 25 गुण जातात. फक्त तंबूत राहणारा लायनस बघत असेल तर 5 वाढतात. लायनस कोण आहे आणि गाव त्याच्याशी कसं वागतं, हे त्या एका नियमात एक शब्द न बोलता कळतं. असं लिहिणाऱ्याच्या गावात माणसांनी आपणहून जावं. पाठवावं लागू नये.

तेव्हा गेम करणाऱ्या मुलांना मी हे सांगतो. पहिल्या आठवड्यात ओळख करून द्या, ती सक्तीची चालेल, दहा मिनिटांत उरकेल अशी. बी, अवजार, पाणी, गोठा हे कधीही मैत्रीमागे ठेवू नका. मैत्रीतून फक्त तेच द्या जे पैशानं मिळत नाही: एखादी आठवण, घरातल्या खोलीचं दार, कुणाचं तरी गुपित. खाडा पडला म्हणून गुण कापू नका. आणि जो खेळणारा बोलत नाही पण राबतो, त्याच्यासाठी गावात एक वाट ठेवा.

ताई, ती वाट स्टारड्यूतही आहे, फक्त आडबाजूला. पिएरच्या दुकानाबाहेर एक फलक आहे. त्यावर कधीकधी चिठ्ठी असते: मला एक बटाटा हवा, कुणी आणून देईल का. ती वस्तू नेऊन दिली की किंमत तिप्पट मिळते आणि त्या माणसाशी मैत्री 150 गुणांनी वाढते, म्हणजे आवडीच्या भेटीच्या जवळजवळ दुप्पट. आठवड्याच्या दोन भेटींत ती मोजली जात नाही. पाठ काही करायचं नाही, वही नको. बियाणं घ्यायला गेलात की फलकाकडे नजर टाका. चिठ्ठीतली वस्तू पेटीत असली तर त्या घरी नेऊन द्या, नसली तर विसरून जा. बाकी कुणाला महिनोन् महिने भेटला नाहीत तरी तुमच्या शेताचं काही बिघडत नाही, गुण कापले जाऊ देत.

आणि गेममधल्या उन्हाळ्याच्या 11 तारखेला समुद्रावर लुआऊ नावाचा गावजेवणाचा सण असतो. एक मोठं पातेलं चढवलेलं असतं, प्रत्येक जण आपल्याकडचं काहीतरी त्यात टाकतो, मग सगळं गाव एकत्र चव घेतं. रस्सा चांगला झाला तर सगळ्यांशी तुमची मैत्री एकदम वाढते. मला तो दिवस गेममधला सगळ्यात इर्जिकीसारखा वाटतो. शेतातलं सगळ्यात चांगलं जे असेल ते घेऊन जा, पातेल्यात टाका, पाहुणे आलेल्या राज्यपालांनी घोट घेतला की घरी या. कुणाशी बोलला नाहीत तरी चालेल.